उजव्या खांद्याचा नवस

ऐन-तूत, १६ ऑक्टोबर १९९७

प्रिय वदाद,

तुला आणि मुलांना सलाम. तुझ्या नवऱ्यालाही सलाम, माझं नाव निघालं की तो खोलीतून उठून जातो असं कानावर आलंय तरीही. इकडे सगळं ठीक. ऑलिव्ह निम्मे उतरवून झाले, यंदा फांद्या जमिनीला टेकल्यात. आमच्या ह्यांचा, अबू मुनीरांचा, गुडघा कुरकुरतो आणि त्याहून जास्त अबू मुनीर कुरकुरतात. आमचा मुनीर कुवेतमध्ये विजेच्या कामावर आहे, आणखी दोन वर्षं तरी येत नाही म्हणतो. तुझी आई बरी आहे. परवा लांबून दिसल्या काकू, घरासमोरच्या तुतीखाली बसून भोपळ्याच्या भांड्यातून नळीने मातेचा चहा पीत होत्या.

सहा वर्षांनी चुलत बहिणीचं पत्र पाहून तुला वाटेल, हिला आता काय सुचलं! काही नाही गं. हल्ली रिकामा वेळ फार. यंदा मी गावच्या साजवर, त्या घुमटासारख्या तव्यावर, रोट्या करायला जात नाही. मी नवस बोलले आहे, मुनीर सुखरूप परत येईपर्यंत पिठाला हात लावणार नाही म्हणून. सगळ्या गावाने वाहवा केली. उम्म फारेस तर म्हणाली, "आई असावी तर अशी!" तिच्या तोंडून कौतुक ऐकायला माणसाला आधी मरावं लागतं, हे तुला माहीत आहेच.

अक्षर वाकडं आलंय, त्याबद्दल हसू नकोस. वही मांडीवर घेऊन लिहिते. टेबलावर कोपर टेकला की उजवा खांदा ठणकतो. वाऱ्याने धरला असेल. वेणी अबू मुनीर घालून देतात, आणि माझं डोकं गाढवाच्या शेपटीसारखं दिसतं.

आणि हो, तेव्हा साजवर जे झालं ते तू ऐकलंस तसं नव्हतं. लोकांनी तिखटमीठ लावून तुझ्यापर्यंत पोचवलं. मी तेव्हाही तुला तेच सांगितलं होतं. असो. जुनी गोष्ट उकरून काय मिळणार!

कराकासमध्ये तुम्हाला आपली रोटी मिळते का? लिहावंसं वाटलं तर लिही.

तुझी नझ्ला

---

ऐन-तूत, ११ जानेवारी १९९८

प्रिय वदाद,

सलाम. तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण टपालवाला दिसला की उठून उभी राहते हे कबूल करते.

बर्फ गुडघाभर पडलंय. घरात वाळवलेल्या दह्याच्या किश्कचं कालवण आणि माझा वैताग, दोन्ही शिजतायत. आज तुला एक सांगते. इथे कुणाला सांगू शकत नाही आणि तू दहा हजार किलोमीटरवर आहेस, शिवाय माझ्याशी बोलतच नाहीस, म्हणजे कुणाला सांगणारही नाहीस.

मी कसलाही नवस बोललेले नाही.

गेल्या जूनमध्ये फळीवरची ऑलिव्हची बरणी काढायला हात वर केला आणि खांद्यात कळ आली. पडले नाही, धडपडले नाही, कारण म्हणून काही नाहीच. दुखऱ्या अवयवाला विश्रांती द्यावी एवढं आपण आयांकडून शिकलो, म्हणून हात लोकरीच्या शालीत बांधला आणि वरून झगा घातला, कुणाला दिसू नये म्हणून. तीन महिने बांधून ठेवला. सोडला तेव्हा हात कंबरेच्या वर जायला तयार नाही! मागे जात नाही, बाजूला जात नाही. त्या कुशीवर झोपता येत नाही. आता सांग, गोळा थापायचा आणि या हातावरून त्या हातावर फिरवत परातीएवढा रुंद आणि पातळ करायचा, ते या हाताने कसं जमायचं? आणि गावात रोटी फिरवणारी पहिली बाई मी. बाकीच्या भाजतात, घड्या घालतात, पण फिरवायची मी.

एका सकाळी उम्म फारेस बोलवायला आली. "काय गं, आज पण नाही? तब्येत बिघडली का?" आणि तिचे डोळे माझ्या खांद्यावर. माझ्या तोंडून निघून गेलं, "नवस आहे माझा. मुनीर येईपर्यंत पीठ वर्ज्य." झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तेव्हा वाटलं. आपल्याकडे नवस म्हटला की पुढे कुणी प्रश्न विचारत नाही.

आता ऐक मजा. मागच्या महिन्यात मुनीरचा फोन आला, "आई, मे महिन्यात येतो. लग्न ठरवा." पोराचा आवाज ऐकून आनंदाने रडले आणि फोन ठेवल्यावर भीतीने रडले. नवस म्हणजे तो आला त्याच आठवड्यात सगळ्या गावासमोर फिटला पाहिजे. बायका आत्ताच पीठ बाजूला काढून ठेवायला लागल्यात. उम्म फारेस म्हणते, "दोनशे रोट्या तुझ्या हातच्या!" खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो हा असा.

शेवटी अबू मुनीर म्हणाले, "बाकलीनला एक पोरगी बसते, हात-पाय चालवून देते. बैरूतला शिकलीय. जा तिच्याकडे."

"आणि गावात काय सांगू?"

"सांग की वाटेवरच्या नबीच्या मझारवर जाते. नवस तर आहेच तुझा!"

म्हणून दर मंगळवारी मी 'मझारवर' जाते. पण बायका काय गप्प बसतात! एक तेलाची बाटली देते, एक मेणबत्त्या देते, एकीने पडद्याचं कापड दिलं. आता हे सगळं घरी थोडंच आणायचं! मग वाटेत खरोखर मझारवर उतरते, तेल ठेवते, मनातल्या मनात नबीची माफी मागते आणि पुढची गाडी धरते. या खोटेपणात मी जितकी तिथे गेले तितकी आयुष्यात खरेपणाने गेले नव्हते.

त्या पोरीचं नाव सिहाम. तीस वर्षांची असेल. बोलायला गोड आणि हाताने कसाई. तिने विचारलं, "मावशी, साखर आहे का तुम्हाला?" म्हटलं, आहे. "हात बांधून किती दिवस ठेवलात?" म्हटलं, तीन महिने. तिने कपाळावर हात मारला.

"दुखत होता म्हणून जपला गं!"

"जपला नाहीत, गोठवलात. आता तो सोडवायला सहा महिने लागतील, आणि तुम्ही मला रोज शिव्या द्याल."

"रोज नाही, मंगळवारीच."

"घरी रोज करायचंय, मावशी. शिव्या तिथून पाठवा."

घरी काय काय करायचं ते ऐक. टेबलावर डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा हात विहिरीच्या दोरासारखा सोडून हलवायचा. भिंतीसमोर उभं राहून दोन बोटांनी भिंत चढायची, जिथे थांबेल तिथे कोळशाने खूण करायची आणि तारीख घालायची. दारावरून दोर टाकून चांगल्या हाताने वाईट हात ओढायचा. स्वयंपाकघराची भिंत बघून अबू मुनीर म्हणाले, "कैद्याने दिवस मोजावेत तशी रेघोट्या मारतेस." पहिली खूण माझ्या छातीशी आहे. आजची खूण तिच्यावर चार बोटं. एवढ्यासाठी पाच आठवडे ओरडतेय.

मेपर्यंत झालं नाही तर मी या गावात तोंड दाखवू शकणार नाही. रोटी गेली तर गेली म्हणून गप्प बसता आलं असतं, पण नबीच्या नावाने खोटं बोलले हे उघडं पडेल. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस, आणि मग मदत केली असतीस.

तुझी नझ्ला

---

ऐन-तूत, २२ मार्च १९९८

वदाद, माझी वदाद,

तुझा फोटो मिळाला. पाकिटात चिठ्ठी शोधली, पाकीट फाडून शोधली, नव्हती. पण फोटो आला! मुली केवढ्या झाल्या. धाकटी अगदी काकूंच्या नाकाची. फोटो आरशाला लावून ठेवलाय.

आधी चांगली बातमी. परवा माझी वेणी मी घातली! पंचेचाळीस मिनिटं लागली, मध्ये दोनदा बसले, पण घातली. अबू मुनीरना म्हटलं, तुमची नोकरी सुटली. ते म्हणाले, "अल्लाची कृपा, मालकीण फार तोंडाळ होती." भिंतीवरची खूण आता माझ्या डोळ्यांच्या वर आहे. सिहाम हात धरून वर नेते तेव्हा आत काहीतरी करकरतं आणि मी तिच्या सात पिढ्या काढते. ती शांतपणे म्हणते, "आजोबांपर्यंत पोचलात, मावशी. पणजोबा राहिले, आणखी जरा वर."

आता दुसरी गोष्ट. ही लिहायला चार दिवस लागले.

मंगळवारी सिहामने मला एक ओली चादर दिली. म्हणाली, "रोटी कशी फिरवता ते मला दाखवा. चादर म्हणजे पीठ." मी उभी राहिले. एका हातावरून दुसऱ्या हातावर, पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. दहाव्या फेऱ्याला उजवा हात थरथरायला लागला. कोपरापासून बोटांपर्यंत, थांबवून थांबेना. चादर खाली पडली. मला एवढी लाज वाटली की मी हात पाठीमागे लपवला.

सिहाम म्हणाली, "लपवता काय? दमलाय बिचारा. थरथरतोय म्हणजे कामाला लागलाय. त्याला कुणी रागावतं का?"

आणि मी तिथे, त्या खाटेवर बसून, लहान पोरीसारखी रडले. तिला वाटलं दुखलं म्हणून. मी सांगितलं नाही. तुला सांगते.

तेव्हा साजवर जे झालं ते तू ऐकलंस तसंच होतं. कुणीही तिखटमीठ लावलं नव्हतं. एक्याण्णवच्या शरदात, गावकारभारी मुख्तारच्या मुलीच्या लग्नाच्या रोट्या होत्या. काकूंचे हात त्या वर्षी थरथरायला लागले होते. त्यांच्या दोन रोट्या फाटल्या. तिसरी फाटली तेव्हा मी अकरा बायकांसमोर म्हणाले, "थरथरणाऱ्या हातांनी घरी बसावं, पीठ काही फुकट येत नाही." शब्द न् शब्द हेच. काकूंनी हात पुसले, फडकं घडी करून ठेवलं आणि गेल्या. मला रोटी फिरवायला त्यांनीच शिकवलं होतं, वदाद. माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि त्यांनी तुझ्या शेजारी मला उभं करून शिकवलं. त्या दिवसापासून काकू गावची रोटी खात नाहीत, दुकानातली पिशवीतली आणतात. कराकासला जाण्याआधी तू माझ्या दारात येऊन विचारलंस, "बोललीस की नाही?" आणि मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नाही."

का बोलले तेही सांगते. पिठाची काळजी नव्हती. मला ती जागा हवी होती. साजपाशी पहिली उभी राहायची जागा. बरीच वर्षं हवी होती आणि त्यांचे हात थरथरले तेव्हा मला मनातून बरं वाटलं होतं. हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

मग कळलं का, माझा खांदा धरला तेव्हा मी गावाला खरं का सांगितलं नाही? मला वाटलं, आता कोणीतरी मलाही तेच म्हणेल. आणि म्हणणारीला मी काय उत्तर देणार होते!

खांदा सुटतोय, वदाद. हेही सुटू दे.

नझ्ला

---

ऐन-तूत, ३ जून १९९८

वदाद गं,

बस. माते भरून घे आणि मग वाच, पत्र मोठं आहे. मी टेबलावर लिहितेय! कोपर टेकून, ऐटीत. अक्षर बघ.

मुनीर आला. जाडा झालाय, केस मागे हटलेत, पण हसतो तसाच. शनिवारी नवस फेडायचा ठरलं. त्याआधी गुरुवारी मी काकूंच्या दारात गेले. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"काकू, शनिवारी साजवर या."

"का गं? पीठ फुकट आलंय का?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. म्हटलं, "मी माफी मागायला आले."

"चारचौघींत बोललीस आणि माफी उंबऱ्यावर कुजबुजतेस? जिथे सांडलंस तिथे पूस." आणि दार लावलं. हळूच लावलं, आपटलं नाही. तेवढ्याचाच मला धीर आला.

शनिवारी सकाळी साजच्या खोपटात पाय ठेवायला जागा नव्हती. चौदा बायका, पिठाच्या चार पराती, साज तापून धूर सोडतोय. मुनीर आणि त्याचे वडील बाहेर बाकावर. उम्म फारेसने जीभ नाचवत आनंदाची झलगूत दिली, तिची झलगूत म्हणजे दरीपलीकडचं गाव जागं होतं. मग ती माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "हिचा नवस नबीने ऐकला! हिच्या खऱ्या मनाला—"

मला ते ऐकवेना. मी तिचा हात धरून खाली घेतला आणि म्हटलं, "थांब, उम्म फारेस. नवस नव्हता."

साजवरचा धूर तेवढा हलत होता.

"माझा खांदा धरला होता. हात वर जात नव्हता. मला लाज वाटली म्हणून नवसाचं नाव सांगितलं. तुम्ही दिलेलं तेल मात्र सगळं मझारवर पोचलंय, एक थेंब घरी नेला नाही. मी दर मंगळवारी बाकलीनला खांदा सोडवायला जात होते."

उम्म फारेसचं तोंड उघडं ते उघडंच. वाटलं, आता ही मला फाडून खाते. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि मग हळूच म्हणाली, "कुठे म्हणालीस? बाकलीनला कुठे?"

"का?"

"माझा डावा. गेल्या वर्षापासून. चोळीची मागची गुंडी सून लावून देते."

आणि मग बांध फुटला, वदाद! एक म्हणते माझा इथपर्यंतच जातो, दुसरी म्हणते मी कुशीवर झोपत नाही, तिसरी म्हणते मी वाळवणाची दोरी खाली बांधून घेतली आणि नवऱ्याला सांगितलं वाऱ्याने सैल झाली. चौदापैकी पाच जणी! पाचजणींनी हात वर करून दाखवले आणि पाचही हात अर्ध्यावर अडकले. इतक्या हसलो की एकीला बाहेर नेऊन पाणी पाजावं लागलं. उम्म फारेस डोळे पुसत म्हणाली, "नबीच्या नावाने थाप मारलीस, त्याबद्दल तू वर्षभर मझार झाडायचीस. पण आधी त्या पोरीचा पत्ता दे."

हसणं ओसरलं तेव्हा मी म्हटलं, "अजून एक राहिलंय." आणि बाहेर आले. वर तुतीखाली काकू बसल्या होत्या. बसणार हे मला माहीत होतं. तिथून खोपटाचं दार दिसतं. पांढऱ्या ओढणीतलं त्यांचं तोंड आमच्याकडेच होतं.

मी उजवा हात वर केला. सरळ, दंड कानाला टेकेपर्यंत, तळवा आभाळाकडे. दुखलं, पण गेला! सगळ्या बायका मागे दारात उभ्या होत्या. आणि ओरडले, छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढून:

"काकू! मुख्तारच्या मुलीच्या लग्नात मी तुमच्या हातांना बोलले! मला तुमची जागा हवी होती म्हणून बोलले! वदादला खोटं सांगितलं! सगळ्यांसमोर सांगते, चूक माझी! खाली या, काकू!"

मुनीर बाकावरून उठून उभा राहिला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. मी हात खाली केला नाही. काकू येईपर्यंत करायचाच नाही असं ठरवलं. किती वेळ गेला कोण जाणे. खांदा पेटला, हात थरथरायला लागला, मी थरथरू दिला. लपवला नाही. मग काकूंनी नळी तोंडातून काढली, भोपळा बाजूला ठेवला आणि काठी घेऊन उतारावरून यायला लागल्या. उतार तुला माहीत आहे, आम्हाला एक मिनिट लागतं. त्यांना दहा लागली. एकही बाई मदतीला हलली नाही, कारण काकूंनी तिला काठीने हाकललं असतं.

माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "खाली घे तो हात. म्हातारी झाले, बहिरी नाही झाले."

मी त्यांचे हात घेतले आणि दोन्हींचे मुके घेतले. ते माझ्या ओठांवर हलत होते. त्यांनी सोडवून घेतले नाहीत.

मग मी पिठाला उभी राहिले. पहिली रोटी फाटली. काकू माझ्या मागे स्टुलावर. काकू म्हणाल्या, "घाई कशाला करतेस? पोरगा आलाय, पळून चालला नाही." दुसरी जमली. तिसरी त्यांनी उजेडाकडे धरून पाहिली. "जाड आहे." चौथी धरली. "जाड." सातवी धरली आणि काही बोलल्या नाहीत. मला आभाळ ठेंगणं झालं, वदाद! मी एकसष्ट रोट्या केल्या. दोनशे नाही. एकसष्टाव्याला खांदा म्हणाला पुरे, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "माझा हात दमला, पुढची कोण घेते?" हे वाक्य म्हणायला मला एक्कावन्न वर्षं लागली.

साजवरून रोटी काढायला काकू बसल्या. कडा सुटल्या की उचलायची, तिथे हात हलला तरी काही बिघडत नाही. इतक्या वर्षांत ही साधी गोष्ट आम्हा कुणाला सुचली नव्हती. दुपारपर्यंत त्या उठल्या नाहीत आणि सगळ्यांच्या चुका काढल्या.

शेवटी त्यांनी एक गरम रोटी घेतली, लबनेचं घट्ट दही लावलं, पुदिना ठेवला, गुंडाळी केली आणि खाल्ली. सावकाश. सगळी खाल्ली.

काल मंगळवार होता. बाकलीनच्या गाडीत आम्ही सहा जणी. सिहामने दार उघडलं आणि म्हणाली, "मावशी, हे काय, अख्खं गाव?" मी म्हटलं, पणजोबांना सावध करून ठेव.

आता तुझं आणि माझं. काकूंनी मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. रोज सकाळी मी एक रोटी घेऊन जाते, त्या घेतात, एवढं पुरतं. तू माफ कर असंही लिहीत नाही. काकूंनी माफी चारचौघींत मागायला लावली, तशी तुझीही तुझ्यासमोरच मागायची आहे. कागदावर मागितली तर तीही उंबऱ्यावरची कुजबुजच. तू येणार असशील तर मी खाली रस्त्यापर्यंत येऊन थांबेन, आणि येणार नसशील तर मुनीर म्हणतो, कराकासला विमान जातं. मी आजवर विमानात बसलेले नाही. बसेन.

दारात तुला "नाही" म्हणाले होते. आज "हो, बोलले" म्हणणारी, तुझ्या आईच्या हाताखाली तुझ्याच शेजारी उभी राहून शिकलेली,

तुझी बहीण
नझ्ला